मैदानाचा कस गवतावर

महोदय,

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद मिळाले की चर्चा आसनक्षमता, प्रकाशझोत आणि रंगरंगोटीभोवती फिरते. हिरवळीखालून पाण्याचा निचरा कसा होतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. भारतात २०१७ साली झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता, परंतु त्याआधी भर पावसात खेळल्या गेलेल्या माली-घाना लढतीने तिथल्या मैदानाची अशी दैना झाली की तो ऐनवेळी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर हलवावा लागला. गुवाहाटीकरांची निराशा झाली, कोलकात्याला मात्र उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने लाभले.

आपल्याकडील उदाहरण नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे. मुळात क्रिकेटसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मैदानावर २०२२च्या फेब्रुवारीत महिलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना झाला, लगेच आयपीएलचा हंगाम पार पडला आणि ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढतही तिथेच रंगली. एकाच वर्षात दोन खेळांची ही ये-जा सांभाळणाऱ्या मैदान कर्मचाऱ्यांचे कौतुक कमीच झाले.

तरीही फुटबॉलला असे पाहुण्यासारखे का राहावे लागावे? याच आशिया चषकाचे सामने अंधेरी आणि पुण्याच्या बालेवाडीतही झाले होते. परतीच्या पावसाचा विचार करून या दोन मैदानांच्या निचऱ्यासाठी राज्याच्या क्रीडा विभागाने स्वतंत्र वार्षिक तरतूद करावी आणि स्पर्धा नसताना ती शालेय संघांना ठरावीक दिवशी खुली ठेवावीत, ही विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, ठाणे