व्हीलचेअर आणण्याआधी दार मोजा

संपादक महोदय,

खुब्याच्या ऑपरेशननंतर घरातल्या आजी-आजोबांना काही आठवडेच व्हीलचेअर लागणार असेल, तर ती विकत घेऊ नये. सर्जिकल सामानाच्या दुकानांत डिपॉझिट भरून भाड्याने मिळते. अडते ते घरी आणल्यावर. बैठक १८ इंची असली तरी चाकांसकट रुंदी २५-२६ इंच भरते, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत न्हाणीघराचे दार कित्येकदा २४ इंचही नसते. चौकटीच्या आतून मोजा, उघडलेल्या दाराची जाडी वजा करा. जागा कमी पडत असेल तर मागे लहान चाके असलेली, दुसऱ्याने ढकलायची खुर्ची मागा. ती दोन-चार इंच अरुंद असते.

दुकानातच माणूस बसवून, ब्रेक लावून ढकलून बघा. टायरात हवा कमी असली की ब्रेकचा दट्ट्या नीट टेकत नाही आणि खुर्ची सरकते; शिव्या मात्र ब्रेकला! रेक्झिन झोळीसारखे सैल असेल तर माणूस खोल बसतो, गुडघे खुब्याच्या वर जातात. डॉक्टर बहुधा नेमके हेच टाळायला सांगतात. खाली घट्ट उशी हवीच.

उठवताना आधी दोन्ही ब्रेक, मग पावलांच्या पट्ट्या वर. पट्टीवर उभे राहिले की खुर्ची पुढे कलंडते. ओट्यावरून उतरवताना खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाके आधी खाली घ्यावीत.

– एक वाचक, वडोदरा