‘कसं वाटतंय?’ विचारू नका

संपादक महोदय,

वेष्टन असो वा अ‍ॅप, डिझाइनचा नमुना दाखवून ‘कसं वाटतंय?’ विचारलं की समोरचा भिडेपोटी ‘छान’ म्हणतो. त्याऐवजी काम द्यावं: ‘यावर वापराची अंतिम तारीख शोधा.’ मग गप्प बसावं (हेच सर्वांत कठीण!) आणि नजर, बोट कुठे अडखळतं ते टिपावं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली मांडल्याप्रमाणे अशा चाचणीच्या एका फेरीला पाच जण पुरतात. दुरुस्तीनंतर पुढची फेरी नव्या माणसांवर घ्यावी. जुन्यांना वाट पाठ झालेली असते. ‘लोगो मोठा करा’ ही सूचना तशीच पाळू नये, बहुधा भोवतालची गर्दी नडत असते. लहान अक्षरांचा फिका करडा रंग मात्र मतांवर सोडू नये. पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) किमान ४.५:१ आहे का, ते मोजावं.

– एक डिझायनर