एकोणीस खाडे : सदाशिव पेठेतल्या मेसच्या काकूंना आभाराचं पत्र

ती. काकूंना शि. सा. नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय, त्याला तुम्हीच जबाबदार आहात. तोंडावर आभार मानायला मी दोनदा आले होते. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "पोळ्या व्हायच्यात, मध्ये उभी राहू नकोस." दुसऱ्यांदा म्हणालात, "आभार कसले, बिल वेळेवर देत जा." तेव्हा आता लिहूनच मानते. तुमची नात वाचून दाखवेल. तिला जरा सावकाश वाचायला सांगा, ती शब्द गाळते.

मी तिसऱ्या कॉटवरची. औशाची. तुमच्या दारावरच्या पाटीखाली उभं राहून 'खाडा किमान तीन दिवसांचा, आदल्या रात्री ८ च्या आत कळवल्यासच धरला जाईल' हे मोठ्याने वाचून हसले होते, आणि आतून तुमचा आवाज आला होता, "वाचता येतंय ना? मग पाळता पण येईल." तीच ती.

ऑगस्ट २०२३. राज्यसेवेचा अभ्यास, अभ्यासिकेतली सीट, वर गळणारा पत्रा, खाली डास. ताप आला तेव्हा भिजल्याचा असेल म्हणून दोन दिवस अंगावर काढला. मग डेंग्यू निघाला. प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात, एवढं मला तोवर पाठ झालं होतं. डेंग्यूत खरी काळजी ताप उतरायला लागल्यावर घ्यायची असते, म्हणून दवाखान्यात चार दिवस ठेवून घेतलं. त्याबद्दल तक्रार नाही. सोडताना मात्र हातात एक कागद दिला, त्यावर गोळ्या आणि सगळ्यात खाली 'भरपूर द्रव पदार्थ'. कुठले, किती, कधी, हे विचारायला तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

त्या कागदावर तुम्ही काय बोललात ते आमच्या खोलीत अजून सांगतात. "द्रव पदार्थ म्हणजे काय? रॉकेलसुद्धा द्रवच असतं."

रूममेट तुमच्याकडे खरं तर डबा बंद करा सांगायला आली होती. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या हातात कडीचा डबा होता. आत भाताची निवळ. वर तूप, तळाला चिमूटभर मीठ. मी ती प्यायले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटात काही राहिलं. दुसऱ्या दिवशी पेज आली, शितं बोटाने चुरडून घातलेली. मग मुगाचं कढण आलं, नुसतं. फोडणी नाही, काही नाही, हिरवे मूग जरासे भाजून भरपूर पाण्यात गाळ होईस्तोवर शिजवलेले आणि वरचं पाणी गाळून घेतलेलं. त्यानंतरच्या दोन दिवसांनी तेच कढण तूप-जिऱ्याच्या फोडणीचं, आलं किसून, सैंधव घालून.

माझी रूममेट बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला होती. ती रोज डब्याचं झाकण उघडायची आणि माझ्याआधी आत डोकवायची. चौथ्या दिवशी तिने वही काढली. म्हणाली, "अगं, ह्या तुला संसर्जन क्रमाने जेवायला घालतायत." पंचकर्मात वमन-विरेचन, म्हणजे उलट्या-जुलाब देऊन शुद्धी, झालं की मंदावलेला जठराग्नी हळूहळू पेटवत आणायचा, म्हणून चरकसंहितेत क्रम दिलाय : आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, मग अकृत यूष म्हणजे तेल-तूप-मसाल्याशिवायचं कढण, मग कृत यूष म्हणजे फोडणी दिलेलं, आणि त्यापुढे मांसरस. शुद्धी जेवढी जास्त झाली असेल तेवढी प्रत्येक पायरी लांबवायची, तीन जेवणं, दोन जेवणं किंवा एकच. हे तिने तुम्हाला मोठ्या कौतुकाने येऊन सांगितलं. तुम्ही भाजी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "असेल. आमच्याकडे आजारी माणसाला असंच देतात. मांसाचं मात्र माझ्याकडे मिळणार नाही, त्याला दुसरीकडे जा."

घरमालकीणबाई पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या होत्या, तो प्रसंग सोडून देते. एवढंच सांगते की तो मी खिडकीतल्या कुंडीत ओतला, आणि कुंडीतलं झाड अजून आहे.

आठव्या-नवव्या दिवशी मी रडले, तेही तुमच्या कढणावरून. तोंडाला चवच नव्हती. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. त्या रात्री डब्यातून आमसुलाचं सार आलं. जांभळट तांबडं, वर तुपाचे थेंब, कढीपत्ता, गुळाची पुसट गोडी. लातूरकडे आम्ही चिंचेवर वाढलेली माणसं. आमसूल मी तोवर फक्त पित्त उठल्यावर अंगाला चोळलेलं पाहिलं होतं. पहिला घोट घेतला आणि जिभेच्या दोन्ही कडा एकदम जाग्या झाल्या.

नंतर बरी झाल्यावर तुमच्या ओट्याशी उभी राहून ते शिकले. सात-आठ आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास. कुस्करायची, पण पिळून चोथा करायचा नाही. गूळ, मीठ, जिरेपूड, आणि एकच उकळी. "आमसूल रटारटा उकळलं की तुरटतं," हे तुम्ही तीन वेळा सांगितलंत. आणि भांडं स्टीलचं. तुमचं ते जाडजूड पितळी पातेलं मी खाली उतरवायला गेले तर केवढ्याने ओरडलात! त्याची कल्हई उडाली होती, आंबट त्यात कळकतं. पेज आणि कढण पितळीत, सार स्टीलमध्ये, हा तुमच्या स्वयंपाकघराचा कायदा. त्या पातेल्याचं पुढे सांगते.

टोमॅटोच्या साराबद्दल मात्र तुमचं मत मला अजून पटलेलं नाही. "ते कार्यालयातलं. मसालेभाताबरोबर, पंगतीत. आजारी माणसाला नाही." का नाही? टोमॅटो समुद्रापलीकडून आला म्हणून? मग मिरची तरी कुठली?

आता आईच्या फोनचं. तिला यायला जमत नव्हतं. वडिलांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हैस नुकती व्यालेली, सोयाबीनवर फवारणी चाललेली. रोज संध्याकाळी फोन करायची.

"काय खायलीस बाळा?"

मी थकलेली होते. निवळ, पेज, कढण एवढं कोण सांगत बसणार, म्हणून म्हटलं, "मेसच्या काकू सूप देतायत."

पलीकडे शांतता. मग, "सूप? ते कशाला? काय पाखडायलीस आजारपणात?"

आई सूप म्हणजे धान्य पाखडायचं सूपच समजली होती. आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की मला ठसका लागला. गंमत अशी की जुना शब्द आपलाच आहे. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं पातळ कालवण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. इंग्रजांचं सूप वेगळ्या वाटेने आलं, फ्रेंचांकडून. त्यांनी आपल्याकडून जे उचललं ते मुलगटानी : मद्रासकडचं 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिऱ्याचं पाणी. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात असलं पुष्कळ जमा होतं, मार्क त्याला एकही नसतो.

तर तो ठसका ऐकून तुम्ही, डबा परत न्यायला वर आलेल्या, माझ्या हातातून फोन घेतलात. सरळ विचारलंत, "तुमच्याकडे तापातून उठलेल्याला काय देतात?"

काकू, मला आभार मानायचेत ते ह्या प्रश्नाचे. तुम्हाला सगळं येत होतं. आठ दिवस तुमच्या हाताने मी उठून बसले होते. तरी तुम्ही विचारलंत.

आई आधी बावरली. पुण्याची बाई आपल्याला स्वयंपाकातलं विचारतेय हे तिला खरंच वाटेना. मग म्हणाली, "हुलग्याचं माडगं देताव आम्ही."

"हुलगे म्हणजे?"

"बारीक असतंय, चपटं, तांबूस. बैलालाबी घालतेत."

तुम्ही जरा थांबलात. "अहो, हे कुळीथच की! कुळथाची पिठी मी जन्मभर करतेय."

"पिठी म्हणजे?"

आणि मग अर्धा तास. मी उशीला टेकून स्पीकरवर ऐकत होते. हुलगे खरपूस भाजायचे, सालं काढून दळायचे. जात्यावर दळलेलं बरं, "पण मिक्सर असंल तर चालतंय की." पीठ गार पाण्यात कालवायचं, गुठळी ठेवायची नाही, उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं, हात थांबवायचा नाही. जिरं, ठेचलेला लसूण, मीठ. गुळाचंही करतात, पण ते पावसात भिजून आलेल्याला. तुम्ही मध्येच कोकणातलं सांगत होतात, ती मध्येच येसराचं सांगत होती : गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरे, लवंग भाजून दळून ठेवायचं, आणि लग्नातल्या आमटीला तेच लावायचं. तुम्ही कट म्हणालात, ती येळवणी म्हणाली, आणि पुरणाच्या डाळीचं पाणी दोघींकडे तेच आहे हे कळल्यावर तुम्ही दोघी एकदमच "हो ना!" म्हणालात. फोन बंद करताना आईचा आवाज वेगळाच लागत होता. तेव्हापासून तिने रोज तब्येत विचारायचं सोडलं. "त्या आहेत ना," म्हणायची.

दुसऱ्या दिवशी भर पावसात तुम्ही मंडईत जाऊन कुळीथ आणलेत. रात्री माडगं आलं. मी चमचा तोंडात घातला आणि थांबले. आंबट होतं. तुम्ही दोन आमसुलं टाकली होतीत.

मी आईला सांगितलं, कारण मी मूर्ख आहे. ती म्हणाली, "आमच्यात नाही घालत." मी तुम्हाला सांगितलं, कारण मी दुप्पट मूर्ख आहे. तुम्ही म्हणालात, "आमच्यात घालतात. आणि डबा पुसून खाल्लायस ते मला दिसतंय." पण त्याच्या पुढच्या रात्री परत माडगं आलं, आणि त्यात आमसूल नव्हतं. लसूण होता, जरा जास्तच. ज्या घरात वर्षानुवर्षं चातुर्मास पाळतात आणि त्यात कांदा-लसूण शिजत नाही, तिथे ऐन श्रावणात तुम्ही तो ठेचला होतात. मी त्या रात्री काही बोलले नाही. आज बोलते.

महिनाअखेरीस बिलाचा कागद आला. महिन्याचे ३,१००. खाडे १९. बाकी १,२००. मी वाद घालायला खाली आले, की ८ तारखेपासून २६ पर्यंत, दवाखान्यातले दिवस सोडले तर, रोज तीन वेळा डबा आलाय, खाडा कसला? तुम्ही चष्मा वर केलात. "दोन भाज्या, पोळ्या, वरण, भात ह्याला मेस म्हणतात. ते दिलेलं नाही, म्हणून खाडा."

मी म्हटलं, पाटीवर तर आदल्या रात्री ८ च्या आत कळवायचं लिहिलंय.

"पाटी माझी आहे."

त्याच दिवशी मी हट्टाने कांदे चिरायला बसले आणि तुम्ही त्या पितळी पातेल्याचं सांगितलंत. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, तेव्हा तुम्ही सात वर्षांच्या, नारायण पेठेत. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालात आणि पाणी चढलं नव्हतं अशा वस्तीत, ओळखदेख नसलेल्या एका घरी आठ दिवस राहिलात. तिथल्या आजींनी चुलीवर हे पातेलं चढवलेलंच ठेवलं होतं. येईल त्याला मुगाचं कढण. कोण, कुठले, जात काय, काही नाही. "मला फक्त चटका आठवतो," तुम्ही म्हणालात, "भूक लागली होती म्हणून गरमच प्यायले." तुमच्या लग्नात त्या आजींनी तेच पातेलं आहेरात दिलं. पुढे तुम्ही काही बोलला नाहीत. मला कांदे जाड चिरल्याबद्दल बोललात.

परीक्षा काही निघाली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता धायरीला राहते, एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते. गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला ताप आला तेव्हा तो पाकिटातलं सूप घेऊन आला होता, गरम पाण्यात ढवळायचं. मी ते वरच्या फळीवर ठेवलं आणि मूग भाजायला घेतले. तो म्हणाला, "ह्यात काहीच नाहीये." म्हटलं, फोडणी परवा.

तुमचा एक कडीचा डबा अजून माझ्याकडे आहे. तुम्ही तो दोनदा मागितलात आणि मी दोनदा 'सापडत नाही' म्हटलं. सापडत होता. रविवारी संध्याकाळी घेऊन येते. रिकामा आणत नाही, आईने येसर करून पाठवलंय, अर्धा किलो तरी असेल. डाळ पातळच ठेवा, येसर लावलं की आमटी दाटते. आणि काकू, त्यात आमसूल घालू नका. आई फोन करून विचारणार आहे.

तुमची,
तिसऱ्या कॉटवरची