लाडू जेवला, ताई!

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र चारचौघांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आमच्या लाडूचा, म्हणजे महिनोन्महिने न जेवलेल्या आमच्या सापाचा, सहज विषय काढला, तर आणखी दोन घरांतून तोच सूर आला: "आमच्याकडेही साप आहे, आणि मेला जेवत नाही!" इथे अमेरिकेत, मिनेसोटात, मुलांना कुत्रा नाही म्हटलं की मुलं सापावर येतात, आणि आपल्यासारख्या आईबापांना त्यातलं ओ की ठो कळत नसतं. त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला यातलं सगळं पाठ आहे, तेवढं सहन करा.

लाडू आमच्याकडे ऑगस्टमध्ये आला. शेजारचा मुलगा कॉलेजला निघाला, हॉस्टेलवर साप चालत नाही, आणि आमच्या चिरंजीवांनी आम्हाला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं. चार वर्षांचा नर बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, एक लाल दिवा आणि एक चिठ्ठी: दर दहा-बारा दिवसांनी एक जिवंत उंदीर. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत घालून बसतो, ते पाहून सासूबाईंनी त्याचं नाव लाडू ठेवलं. नाव ठेवलं म्हणजे माणूस घरचा झाला. पण घरच्या माणसाने पानाला तोंड लावायला नको का? आम्ही फ्रोझन उंदीर आणले, त्याने वास घेतला आणि मान फिरवली. पुन्हा आणले, पुन्हा मान फिरवली. एका दुकानात सांगितलं, तोंड उघडून नळीने भरवा, दुसरा इलाज नाही. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला आणि मंडळातल्या कुणीतरी, रेस्क्यूत, म्हणजे आसरा दिलेल्या प्राण्यांच्या केंद्रात, साप सांभाळणाऱ्या ताई म्हणून तुमचा नंबर दिला.

फोनवर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तोंडाचं मागनं बघू. आधी सांगा, पेटीतल्या गरम कोपऱ्यात किती डिग्री आहे?" काचेला चिकटवलेला गोल काटा नव्वद फॅरनहाइट दाखवत होता, तसं मी सांगितलं. "तो काटा शोभेला ठेवा," तुम्ही म्हणालात, "मी शनिवारी येते."

आलात ते वायरच्या टोकाला प्रोब असलेला थर्मामीटर घेऊनच. साप बसतो तिथे तो जमिनीला टेकवला. आकडा अजून डोळ्यांसमोर आहे: 26 सेल्सिअस, जिथे 32 च्या आसपास हवं होतं. थंड बाजूला 21. हवेतला ओलावा 24 टक्के. ऑक्टोबर लागला की आपल्याकडे घर गरम ठेवणारी भट्टी सुरू होते आणि घरातली हवा पापडासारखी कोरडी पडते, आपलेच ओठ फुटतात, तर पश्चिम आफ्रिकेतल्या घाना-टोगोच्या सापाचं काय होत असेल. तुमचं पुढचं वाक्य मी फ्रिजवर लिहून ठेवलं आहे: "सापाला स्वतःची ऊब नसते. अंग थंड असताना खाल्लं तर पचत नाही, पोटातच सडतं. म्हणजे हा खात नाही तो शहाणा आहे म्हणून."

त्या एका वाक्याने घरातलं वातावरणच बदललं, ताई. तोवर आम्ही सगळे त्याला हट्टी म्हणत होतो. सासूबाई तर त्याच्याकडे बघून "रुसलाय" म्हणायच्या. त्या दिवसापासून आम्ही त्याच्याकडे बघायचं सोडून पेटीकडे बघायला लागलो.

मग दुपारभर तुम्ही आमच्या दिवाणखान्यात फतकल मारून बसलात. लाल दिवा काढला. अर्ध्या तळाखाली हीट मॅट टाकून तिला थर्मोस्टॅट जोडला, कारण थर्मोस्टॅट नसेल तर मॅट तापत राहते आणि पोट भाजेपर्यंत सापाला पत्ता लागत नाही, हे तुम्ही मुलाला दोनदा ऐकवलंत. वरून ऊब देणारा सिरॅमिक दिवा लावला, त्याचा उजेड पडत नाही. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाकला, म्हणजे ओलावा उडून जाणार नाही. तीन बाजूंनी काचेला काळा कागद लावला. आणि दोन घमेली उपडी घालून त्यांना दारं कापली, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. मला ती फार लहान वाटली. तुम्ही म्हणालात, हा साप आफ्रिकेत उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, चारी बाजूंनी अंगाला भिंत लागली तरच त्याला सुरक्षित वाटतं. आणि दोन घरं अशासाठी की ऊब की आडोसा, अशी निवड करायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

आता सासूबाईंबद्दल, कारण तुमचे आभार मानायचं खरं कारण निम्मं तिथेच आहे. काही महिन्यांसाठी आलेल्या, जन्मभर कांदा-लसणीलाही वार पाळणाऱ्या बाईंच्या घरात फ्रीझरमध्ये उंदीर! त्यातून आला गणपती. "बाप्पाचं वाहन बर्फात घालून ठेवलंय आणि वर मोदक करायचे?" असं त्या म्हणाल्या तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. पुढे तुमची ओळख झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न तुम्हाला टाकला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आई, बाप्पाच्या कमरेला नाग आहे आणि पायाशी उंदीर. दोघांचं त्यो बघतोय की. पुढच्या वर्षी दहा दिवस काही देऊ नका, या सापाला तेवढा उपास काहीच नाही." तुमच्या त्या 'बघतोय की'ने काम केलं. मग तुम्ही गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर ठेवायला लावलात, उंदीर वितळवायचं भांडं वेगळं, आणि सापाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. सोवळ्याच्या भाषेत ते सासूबाईंना लगेच पटलं. आता सगळ्यांचे हात धुतले की नाही ते त्याच तपासतात.

दुधाचंही तसंच. "एक वाटी दूध ठेवून तर बघ" हे त्या रोज म्हणायच्या. तुम्ही बत्तीस शिराळ्याच्या. नागपंचमीला नागाला भाऊ मानून उपास करणाऱ्या घरात वाढलेल्या. न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या ते दिवसही तुम्ही पाहिलेत. त्यामुळे त्यांनी तुमचं ऐकलं, माझं ऐकलं नसतं. साप दूध पचवू शकत नाही, गारुडी पंचमीआधी त्याला तहानलेला ठेवतात म्हणून तो समोर येईल ते पितो, आणि ते दूध फुफ्फुसात गेलं तर मरतो, हे तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून त्यांना सांगितलंत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं..." तुम्ही त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत आणि शिराळ्याच्या अंबामातेच्या देवळाचा विषय काढलात. त्याबद्दल वेगळे आभार.

पेटी नीट झाली आणि तरीही लाडू जेवला नाही. हा काळ सगळ्यात कठीण गेला. दर रविवारी स्वयंपाकघराबाहेरच्या वेगळ्या वजनकाट्यावर डबा ठेवून त्याचं वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं, हा नेम तुम्हीच लावून दिलात. सुरुवातीला 1,140 ग्रॅम होता. वहीत 1,026 वर तुम्ही लाल रेघ मारलीत: दहा टक्क्यांहून जास्त उतरला, तोंडाशी फेस-बुडबुडे दिसले, तोंड उघडं टाकून श्वास घेतला, तर मला विचारत बसू नका, सरळ सापांच्या डॉक्टरकडे न्या. शिवाय एकदा शी तपासून आणायला लावलीत, जंत नाहीत याची खात्री म्हणून. नव्हते. वजन 1,096 पर्यंत आलं आणि तिथेच रेंगाळलं. डिसेंबरात मी पुन्हा रडकुंडीला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "अहो, नर आहे. थंडीचे दिवस आहेत. त्याच्या डोक्यात सध्या जेवण न्हाई, लगीन आहे." तेव्हा पहिल्यांदा मी सापावर हसले.

मध्येच त्याचे डोळे निळसर धुरकट झाले. त्या दिवसांत काही द्यायचं नाही, दिसत नसतं, चिडका असतो, असं तुम्ही सांगितलं होतं. मग एका सकाळी अखंड कात मिळाली, डोळ्यांवरच्या दोन गोल चकत्यांसकट. शेजारचा मुलगा सांगायचा, त्याच्याकडे कात नेहमी तुकड्यातुकड्यांनी निघायची. फोटो पाठवला तर तुमचा उलट मेसेज: "ओलावा जमला. आता थांबा दोन दिवस, मग मी सांगते तसं करा."

आणि तुम्ही सांगितलं ते मुलाने अक्षरशः पाळलं. फ्रीझरमधला छोटा रॅट, म्हणजे उंदराहून मोठ्या जातीचा, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये, त्याच पिशवीत एक लहान उंदीर, म्हणजे ओळखीचा वास रॅटलाही लागेल, कारण याने आजवर उंदीरच खाल्लेले. संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. घरातले दिवे बंद. शेवटी हेअर ड्रायरने रॅटचं डोकं गरम केलं, चाळीस सेल्सिअसच्या आसपास, कारण लाडूच्या ओठांवर ज्या बारीक खाचा आहेत त्या डोळे नव्हेत पण ऊब बघतात. थंड रॅट त्याला अंधारात दगडासारखाच. मग तुमचा लांब चिमटा, शेपटीकडून धरलेला रॅट, घमेल्याच्या दारासमोर. नाचवायचा नाही, जरासा हलवायचा.

डोकं बाहेर आलं. जीभ आत-बाहेर. मानेचा इंग्रजी एस झाला. मुलाने श्वास रोखून धरलेला मला ऐकू येत होता. आणि मग काय झालं ते दिसलंच नाही, इतकं पटकन झालं. चिमट्याला हिसका बसला आणि रॅटभोवती तीन वेढे पडलेले होते. गुदमरवून मारतो असं मला वाटायचं. बोआ सापांवर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की वेढ्याने रक्ताभिसरणच थांबतं, हे तुम्हीच सांगितलेलं. इथे रॅट आधीच मेलेला, पण लाडूला ते कुठे ठाऊक, तो आपला इमानेइतबारे आवळत बसला. मग वेढे सैल करून डोकं शोधलं आणि गिळायला लागला. एक बाजूचा जबडा पुढे, मग दुसऱ्या बाजूचा, पुन्हा पहिला. मध्येच तोंडातून श्वासनलिकेचं नळीसारखं टोक बाहेर आलं, कारण तोंड भरलेलं असताना श्वासही घ्यायचा असतो. शेवटी शेपटी तेवढी ओठांबाहेर लोंबत होती, तीही गेली. मग त्याने दोनदा लांबलचक जांभई दिली, जबडे जागेवर बसवले आणि घमेल्यात निघून गेला. तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "अन्नदाता सुखी भव." मी वळून पाहिलं तर त्या जपमाळ घेऊन सगळं बघत उभ्या होत्या.

दोन दिवस कुणी हात लावला नाही. उलटी झाली नाही. त्यानंतर तो नेमाने जेवतो आहे आणि परवाच्या रविवारी वजन 1,152 भरलं.

पुण्याहून भाच्याने फोटो पाहून विचारलं, मावशी, मीही एक धामण पाळू का? त्याला मी तुमचंच उत्तर दिलं: भारतात देशी साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, साप दिसला तर सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला बोलवायचं. तो जरा हिरमुसला.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. पेट्रोलचं विचारलं तर "चहा दिलात की" म्हणालात. रेस्क्यूमध्ये तुम्ही सांभाळता त्या सापांसाठी मुलाने वाढदिवसाच्या पैशातून दोन थर्मोस्टॅट घेतले आहेत. ते नाही म्हणू नका, त्याला वाईट वाटेल. तुमचा लांब चिमटाही आमच्याकडेच आहे. आणि सासूबाई चैत्रात परत जातील, त्यांना यंदा श्रावणात शिराळ्याला जायचं आहे, तर तुमच्या आईंचा नंबर त्यांनी मागितला आहे.

शनिवारी दुपारी सगळं घेऊन येते. घरी आहात ना?

आपली,
लाडूच्या घरची