टोकियोतल्या निशी-कासाईला गेलेल्या लेकीस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. शेवटी लिहिलं आहेस, "ओचित्सुइतारा (स्थिरस्थावर झाले की) फोन करते." घर बदललेला जपानी माणूस हेच लिहितो, आणि मीही जपानीच्या वर्गात हेच शिकवते. पण 'ओचित्सुकू'मध्ये नव्या जागी बस्तान बसणंही येतं आणि मन थाऱ्यावर येणंही. एवढं सगळं होईपर्यंत मला थांबवू नकोस. खोकी उघडायची असली तरी फोन कर.

चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन नवा पत्ता नोंदव. झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, बरोबर ने, तिथेच त्यावरही पत्ता बदलून देतात. उद्यावर ढकलू नकोस.

मग शेजाऱ्यांकडे जा. एदो काळात (१६०३ ते १८६८) नवीन राहायला आलेला माणूस शेजारीपाजारी सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वाटायचा. आता छोटा टॉवेल किंवा मिठाईची पेटी देतात, वर नोशीचा, म्हणजे भेटवस्तूवर लावायचा, कागद आणि त्यावर आपलं आडनाव. डावं-उजवं घर, वरचं आणि खालचं. एकट्या राहणाऱ्या मुली हल्ली हे टाळतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तू मैत्रिणीला सोबत घेऊन जा, पण जा.

निशी-कासाईत आपली माणसं पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये तुझ्या या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच. सणावाराला तुला एकटं वाटणार नाही, याचा मला फार आधार आहे. पण रात्री-अपरात्री दार ठोठवायचं ते शेजारचंच.

हे मी काळजीने लिहिते आहे. एदोगावाची जवळपास सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच छापलं होतं, "इथे थांबून चालणार नाही." मोठं वादळ येणार असं कळलं की वॉर्डाबाहेर निघून जा, असं ते स्वतःच सांगतात. तो नकाशा मागून घे आणि शेजारच्या आजींना विचार, त्या कुठे जाणार आहेत. त्या गल्लीत जन्म काढलेल्या माणसांना रस्ते ठाऊक असतात.

बाबांनी गोडा मसाला आणि मेतकूट बांधून ठेवलं आहे. इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक जपानी लिपीत पाठव, म्हणजे सोमवारी पार्सल टाकता येईल.

तुझी,
आई