बांगडीवर बोट ठेवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही हे कबूल. आभार मानायचे नाहीत, हे मात्र ऐकणार नाही.

१८८१ च्या दाव्याच्या हुकूमनाम्याची नक्कल आणि तिला टाचलेला, फेड झाल्यावर परत मिळालेला कर्जरोखा. आमच्या ट्रंकेतली ही मोडी जुडी घेऊन मी चार वर्षं हिंडलो. एका जाणकाराने पानामागे पैसे घेतले आणि लिहून दिलं, ‘कर्जाचा दावा. विशेष काही नाही.’ दाव्याचे बाकीचे कागद मागायला गेलो, तर कपाटाला हात न लावताच उत्तर आलं, ‘वाळवीने खाल्लं.’ इतर जण आधी विचारायचे, ‘कुणबी नोंद हवीय का?’ २०२३ पासून मोडी म्हटलं की तेच डोक्यात येणार, त्यांचंही चुकलं नाही. पण मला दाखला नको होता.

तुम्ही भिंग पुसलंत आणि पहिल्या ओळीपासून वाचलंत. १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्यामुळे कोर्टाला नुसता रोखा बघून भागत नसे, देणंघेणं मुळापासून तपासावं लागे, हे तुमच्याकडूनच कळलं. म्हणून तर बैल कधी घेतले, बियाण्याला किती उचल केली, व्याज मुद्दलात कधी घातलं, सगळं त्यात उतरलंय. विशेष काही नाही म्हणे!

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यात आमचे खापरपणजोबा होते असं घरात सांगतात. असतीलही. कागदात ते मयत आहेत आणि सावकारासमोर उभी आहे त्यांची बायको. मोडीत ना शब्द तोडलेले, ना ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता, म्हणून तुम्ही तिचं नाव तीनदा वाचून खात्री केलीत. सहा पिढ्यांच्या आमच्या वंशावळीत नुसते पुरुष आहेत, बाई. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

रोख्याच्या तळाशी एक वाकडं वर्तुळ होतं. मला तो शाईचा डाग वाटायचा. ‘निशाणी बांगडीची,’ तुम्ही वाचलंत आणि माझं बोट धरून त्यावर टेकवलंत. ‘ही त्यांची सही.’ मग चहा टाकायला म्हणून आत गेलात. दोन कप चहाला वीस मिनिटं लागत नाहीत, हे मलाही कळतं. बाहेर आलात तेव्हा माझ्या तोंडाकडे न बघता साखर पुरे का, एवढंच विचारलंत.

शिकलेली माणसं या चार वर्षांत पुष्कळ भेटली. समोरच्याला वेळ देणारी अशी किती? आणि पैशाचं विचारलं तर म्हणालात, ‘शेंगा आण ओल्या.’

ते नाव इथे लिहीत नाही, आधी वंशावळीत चढू दे. जुडीतले दोन कागद अजून राहिलेत. शेंगा निघाल्या की येतो.

आपला,
भीमथडीचा विद्यार्थी