लॅबमधल्या काकांना, फॉरमॅट न मारल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यावर लॅपटॉप अडला की "फॉरमॅट मारा" हाच सल्ला बहुतेकांच्या वाट्याला येतो. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं.

त्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये पप्पांच्या दुकानाचा सगळा हिशेब होता. मला प्रोजेक्टसाठी डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, हवं होतं. इन्स्टॉलेशन सुरळीत झालं, पण कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा मेनू काही येईना. लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जायचा. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत फॉरमॅटचा निकाल दिला. तुम्ही मात्र कीबोर्डला हात लावायच्या आधी विचारलंत, "चालू केल्यावर स्क्रीनवर काय काय येतं, क्रमाने सांग."

आणि मग, "बिटलॉकरची रिकव्हरी की कुठाय?"

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल याची घरात कुणाला कल्पनाच नव्हती. नव्या लॅपटॉपवर तो पुष्कळदा आपोआप सुरू होतो आणि ते कुलूप उघडणारी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते, हे तुमच्याकडून कळलं. पप्पांना फोन लावून ते खातं उघडायला लावलंत. 48 आकडे, सहा-सहाचे आठ गट. ते वहीच्या पानावर उतरवून घेतलेत, वर मला एकेक गट मोठ्याने वाचायला लावून ताडून पाहिलेत. तेव्हा मला लॅब बंद व्हायची चिंता लागली होती आणि तुम्ही सावकाश पेनाने खुणा करत होतात.

सिक्युअर बूट, म्हणजे फक्त विश्वासातल्या सिस्टिमच चालू होऊ देणारी सोय, बंद करू का, असं मी विचारलं, कारण जो तो तेच सांगत होता. "कशाला? 2019 साली डेबियन 10 आलं तेव्हापासून ते चालू ठेवूनही डेबियन चालतं. उगाच बंद केलंस तर बिटलॉकर अडून बसेल," असं म्हणालात.

डेबियनचा पेनड्राइव्ह बूट मेनूत (लॅपटॉप कशावरून चालू करायचा त्या यादीत) दोनदा दिसत होता. त्यातली यूईएफआय (लॅपटॉप चालू करायची नवी पद्धत) लिहिलेली ओळ तुम्ही निवडलीत, कारण विंडोज त्याच पद्धतीने चालू होत होतं. मग टर्मिनलमध्ये बूटची यादी काढलीत आणि बोट ठेवून दाखवलंत: डेबियनची नोंद होती, फक्त विंडोजच्या खाली. क्रम बदलला, लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि मेनू आला.

त्यात फक्त डेबियन होतं. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हा मेनू दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या 2.06 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. विंडोज डिस्कवर जागच्या जागी आहे, मेनूला ते माहीत नाही इतकंच. ग्रबच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून मेनू नव्याने बनवलात. विंडोज दिसलं, ते निवडलं, तर निळ्या स्क्रीनवर रिकव्हरी की मागितलेली. बूटचा मार्ग बदलला की बिटलॉकर असं विचारू शकतो. वहीचं पान समोरच होतं, काका. ते नसतं तर पप्पांचा हिशेब डिस्कवर असूनही कुलपातच राहिला असता. त्या पानासाठी तुमचे आभार मानावेत तितके थोडेच.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसलं. तुम्ही आधीच बजावलं होतं की लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून घाबरले नाही. डेबियनला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं. पप्पांच्या बिलांवर आता बरोबर वेळ येते. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि दुकानावर चहाला बोलावलं आहे.

तुमची विद्यार्थिनी